‘निघतोय’ म्हणणारे किसनतात्या

गाडी रॅम्पवर चढली की किसनतात्या आधी पाण्याला हात लावायचे नाहीत. पायरीच्या पत्र्यातली माती नखानं उकरायची, दोन बोटांत चोळायची, नाकाशी न्यायची आणि गाडी कुठून आली ते सांगायचं. "राजूरकडं गेल्ते व्हय? तांबडी हाय. ही पोटात शिरती, लवकर सुटायची न्हाई." जीपवाला आ वासून माझ्याकडे बघायचा. मीही उगाच मान डोलवायचो, जणू हे सगळं त्यांना मीच शिकवलंय.

भिंगारच्या अलीकडे माझं वॉशिंग सेंटर आहे. मोटारसायकली, टेम्पो धुतोच, पण नाव झालं ते डोंगरात चिखल तुडवून येणाऱ्या जीपांमुळे, म्हणजे तात्यांमुळे. या जीपांच्या पायऱ्यांना आणि मागच्या फळीला चेकर प्लेट ठोकलेली असते. पाय घसरू नये म्हणून गव्हाच्या दाण्यांसारखे उठाव काढलेला पत्रा. एक दाणा उभा, शेजारचा आडवा. चिखल, ग्रीस, डिझेलची काजळी, सगळं त्या दाण्यांच्या बेचक्यात जाऊन सिमेंटसारखं धरतं. प्रेशरचं पाणी मारलं की वरवर चकाचक, वाळलं की पुन्हा काळं ते काळंच.

तात्या त्यावर ओलं गोणपाट टाकायचे आणि अर्धा तास शेजारी नुसते बसून राहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, मी दातओठ खायचो. "तात्या, हात चालवा की!"

"मालक, मळाला घाई केली का त्यो आत पळतो. भिजू द्या त्याला. भिजला का आपला आपन सुटतो."

मग रिठ्याचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश, आणि एकेका दाण्याभोवती चारी बाजूंनी हात. "दाने दोन दिशेला, तर हात बी दोन दिशेला पायजे." मला कुठला दम! दर दहा मिनिटांनी मी काउंटरवरून ओरडायचो, "निघतोय का?" आणि ते मान वर न करता म्हणायचे, "निघतोय, निघतोय!" दिवसातून वीस वेळा आमचं हेच बोलणं. लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन म्हणून त्यांची हयात गेली होती. काम अर्धं टाकून उठणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तात्यांच्या घरी काकी आणि एकुलती लेक सुजाता. कॉलेजचा फॉर्म असो की गॅसचं सिलेंडर, सुजाता मला हक्कानं फोन करायची, दादा म्हणायची. "तिला भाऊ न्हाई, तुमीच हाय," तात्या म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

चार वर्षांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून काकींना नगरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटत होतं. नेमका त्याच दिवशी पुण्याचा एक जीपवाला माझ्या डोक्यावर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी कसलंसं गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्याला पत्रा लख्ख हवा होता आणि मी आधीच शब्द देऊन बसलो होतो. तात्यांना बोलावलं. "फक्त दोन तास, तात्या. मग मीच सोडतो दवाखान्यात." ते आले. काय अडलं होतं माझं? एक जीप मळकी गेली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

चारच्या सुमाराला सुजाताचा मला फोन आला. तात्यांचा मोबाईल शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला, आणि ते बनियनवर पत्र्यापुढं उकिडवे बसलेले. "दादा, बाबा निघाले का?" एवढंच ती म्हणाली. इकडे कॉम्प्रेसर भणभणतोय, पुणेकर घड्याळ दाखवतोय. मी वळूनही न बघता ओरडलो, "तात्या, निघताय का?"

"निघतोय, निघतोय!"

"निघालेत गं," मी सुजाताला म्हणालो, "दहा मिनिटांत पोचतील." आणि फोन ठेवला.

मी 'निघताय' म्हणालो, त्यांनी रोजचं 'निघतोय' ऐकलं. ते बिचारे मळाचं सांगत होते! एका मात्रेचा फरक. आणि ती दहा मिनिटं तर मी पदरचीच घातली. नुसती मान वळवली असती तरी माणूस जागचा हललेला नाही हे दिसलं असतं.

तिकडे काकींचं एकाएकी बिघडलं होतं. डॉक्टर म्हणत होते, पुण्याला हलवा. ॲम्ब्युलन्स दारात उभी. काकी लेकीचा हात धरून म्हणत होत्या, "त्यांना येऊ दे गं, मग जाऊ." दहा मिनिटांचाच तर प्रश्न, म्हणून सुजाता थांबली. बापाला फोन लावत राहिली, तो खुंटीवर वाजत राहिला. मला लावला तेव्हा मी त्या पुणेकराशी हुज्जत घालत होतो. उचलला नाही. पाऊण तासानं उचलला तेव्हा काकी गेल्या होत्या.

मोटारसायकलवर तात्यांना घेऊन गेलो. त्यांच्या हातांवरचा फेस वाटेतच वाळला. दवाखान्याच्या पायरीवर सुजाता उभी होती, रडतही नव्हती.

"बाबा, कुठं होतात? दादा म्हणाले, तुम्ही निघालात."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं उमगलं, ते उमगलेलं मला दिसलं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"निघालो हुतो, पोरी," तात्या म्हणाले. "वाटंत चहाला थांबलो."

ती आत निघून गेली आणि त्यानंतर बापाशी बोलली नाही. पंधरा दिवसांनी तात्या कामावर आले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. "असं का बोललात, तात्या?"

"माझ्यावर राग धरला तर मी सोशीन. तुमच्यावर धरला तर माझ्यामागं तिला कोन हाय? शपथ हाय माझी, बोलायचं न्हाई."

मी 'बरं' म्हणालो. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

पुढं सुजाताला कोपरगावला नोकरी लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा, मला. सोमवारी तात्या ब्रश हातात घेण्याआधी विचारायचे, "जेवती का नीट? आवाज कसा हुता?" मी सांगायचो. एकदा चाचरत म्हणाले, "माझं काय इचारलं का?" मी म्हटलं, "हो, विचारलं की." ते हसले. "मालक, तुमाला अजून खोटं बोलता येत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर सुजाता त्यांच्या फोटोसमोर बसून राहिली होती. म्हणाली, "दादा, एक कप चहापायी आई गेली माझी. तरी या सुट्टीत येऊन मी त्यांच्याशी बोलणार होते हो."

मला राहवलं नाही. शपथ मोडली. तिचा फोन, माझी हाक, तात्यांचं उत्तर, पायरीवरचं माझं गप्प राहणं, सगळं सांगितलं. ती फोटोकडे बघत ऐकत होती. तिनं अगदी हळू विचारलं, "मग मी तीन वर्षं बाबांशी का बोलले नाही, दादा?"

ती उठली, पिशवी घेतली आणि कोपरगावची गाडी धरली.

त्यानंतर रविवारचा फोन आला नाही. मी लावतो, ती उचलत नाही. बरोबरच आहे तिचं. पण आज ती तिथं आजारी पडली, तर ते कळायलासुद्धा आता तिचं कुणी उरलेलं नाही.