स्वयंपाकी पाहिजे: व्हर्जिनियातली एक अर्धवट फेरी

मोटेलच्या काउंटरवरून रमणभाईंनी आमचे दोन्ही पासपोर्ट उचलले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

"उद्या देतो," ते म्हणाले. "झेरॉक्स काढायचीय. मशीन गावात, बँकेशेजारी. आता बंद झालं असेल."

सुधीर "हो, हो" म्हणाला. मी डाव्या हाताचा, वरून दुसरा ड्रॉवर, एवढं पाहून ठेवलं.

त्यांनी नऊ नंबरच्या खोलीची किल्ली दिली. भाडं घेणार नव्हते. तेही मला आवडलं नाही.

सुधीर माझा नवरा. मुंबईत हॉटेलचा डिप्लोमा, तिथल्याच एका हॉटेलात तीन वर्षं स्वयंपाकघर, मग न्यू जर्सीत त्याच विषयाचा पुढचा कोर्स. शिक्षणानंतर एक वर्ष काम करायची परवानगी असते. त्यातले दोन महिने उरले होते. नंतर परत जायचं. कोणी मालकाने ग्रीन कार्डासाठी कागद सुरू केला, तर परत जावं लागलं तरी निदान रांगेत नाव लागतं. कागद नाही तर नाव नाही. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आज नियम बदललेत. पण अजून वाचक मला पत्रं लिहून विचारतात, हॉटेलात स्पॉन्सर करणारा मालक कसा शोधायचा. म्हणून त्या फेरीबद्दल लिहिते आहे.

रमणभाईंचा पत्ता सुधीरला एका किराणा दुकानाच्या फळ्यावर मिळाला. 'स्वयंपाकाचं काम. स्पॉन्सर करू.' खाली फोन नंबर. सुधीरने फोन केला तेव्हा त्यांनी शिक्षण, अनुभव सगळं विचारून घेतलं आणि पगाराचा आकडा सांगितला. आमच्या ओळखीच्या एकाने अशाच चिठ्ठीवरून जर्सी सिटीत काम धरलं होतं. मालकाने आठ महिने पासपोर्ट ठेवून घेतला, भांडी घासून घेतली, कागद एकही काढला नाही. ही गोष्ट मला पाठ होती. निघायच्या आदल्या दिवशी मी ती सुधीरला पुन्हा सांगितली.

"मग जाऊच नको का?" तो म्हणाला.

"जाऊ. पण मी पण येणार."

शुक्रवारी सकाळी सहाला न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून निघालो. पेनसिल्व्हेनिया ओलांडून एक्क्याऐंशी नंबरचा हायवे धरला की तोच व्हर्जिनियाच्या पार टोकापर्यंत जातो. जवळजवळ पाचशे मैल. वेगमर्यादा पंचावन्न, त्यामुळे दहा तास धरा, थांबे वेगळे. ट्रक फार. डाव्या हाताला निळ्या डोंगरांची एक रांग येते आणि दिवसभर सोबत राहते. दोनदा पेट्रोल भरलं. थालीपिठं आणि थर्मासमधला चहा दुपारपर्यंत पुरला. नंतर एका ठिकाणी सुधीरने मीट न घालता बर्गर मागितला. पाव, टोमॅटो आणि पाल्याचं एक पान आलं. पैसे पूर्ण घेतले.

"एवढं तर मीही करीन," सुधीर म्हणाला. "मला स्पॉन्सर करा म्हणावं."

रमणभाईंचं मोटेल हायवेवरून उतरल्यावर लगेच होतं. एकमजली, इंग्रजी एल अक्षरासारखं, बत्तीस खोल्या. समोर टेकडी, टेकडीवर गाई. गावात आपलं माणूस दुसरं नाही. मला वाटलं, इथे मराठी स्वयंपाक कोण खाणार?

शनिवारी सकाळी दहा वाजता रमणभाईंनी पासपोर्ट परत दिले, झेरॉक्सचा एक संचही. मी खोलीत जाऊन दोन्हींची पानं मोजली. सगळी होती. तरी झेरॉक्स त्यांना कशाला हवी, हे राहिलंच.

रमणभाई नंदुरबारला शाळा शिकलेले. मराठी चांगलं बोलत, फक्त आम्हाला 'तुम्ही'ऐवजी गुजराती 'तमे' म्हणायचं त्यांना आवरावं लागे. ऑफिसमागे जुन्या मालकाचं बंद पडलेलं कॉफी शॉप होतं, ते त्यांनी उघडून दाखवलं. सहा शेगड्या, मोठा तवा, वर तेलकट झालेलं धुराडं. सुधीरने तव्यावरून बोट फिरवलं आणि शेगडी पेटते का पाहिलं. त्याचा चेहरा मी तीन महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"चार राज्यांत आपल्या लोकांची मोटेलं," रमणभाई म्हणाले. "लग्नं असतात, कथा असतात, मीटिंगा असतात. जेवण कुठून आणायचं? न्यू जर्सीहून?"

"माझ्या हातचं खाऊन सगळे कंटाळले," त्यांच्या पत्नी कोकिळाबेन म्हणाल्या.

दुपारी सुधीरने आमटी-भात आणि बटाट्याची भाजी केली. कोकिळाबेननी आमटीचा घोट घेतला.

"गूळ घातला?"

"घातला ना."

"मग कळत का नाही?"

सुधीर हसला. न्यू जर्सीहून नेलेली मटकी त्याने सकाळीच भिजत टाकली होती. संध्याकाळी पाणी काढून ती फडक्यात बांधली आणि नळाला टांगली. रविवारी रात्री उसळ करायची ठरलं. ते सगळं एक घर झाल्यासारखं दिसत होतं, आणि मला तेच नको होतं. मी रमणभाईंना विचारलं, "कागदाचं काय?"

"मंगळवारी वकील येणार. तोपर्यंत राहा."

"पण नेमकं काय करणार?"

"बहेन, ते वकील सांगतील. त्यांनी मला त्यातलं बोलायला मना केली आहे."

भांडी पुसताना कोकिळाबेननी आणखी एक गोष्ट सांगितली. चार महिन्यांपूर्वीही एक जोडपं आलं होतं. बडोद्याकडचं. आठवडाभर राहिलं आणि गेलं.

"का?"

"कोण जाणे. आम्ही बाहेर गेलेलो. परत आलो तर खोली रिकामी. निरोपाचं आवजो पण नाही."

त्या भांडी पुसत राहिल्या. मी ते जोडपं कशाला घाबरलं असेल याचा विचार करत राहिले.

रविवारी सकाळी ऑफिसच्या काउंटरवर गावचं वर्तमानपत्र पडलं होतं. हाताला लागेल ते छापील शेवटपर्यंत वाचायची मला सवय. ट्रॅक्टर विकणे आहे, पिल्लं देणे आहेत, रात्रपाळीचा वॉचमन पाहिजे. त्याखाली:

'स्वयंपाकी पाहिजे. गुजराती व महाराष्ट्रीय शाकाहारी. हॉटेलचं प्रशिक्षण व दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. आठवड्याला चाळीस तास. अर्ज सरकारी रोजगार कार्यालयात करावा.'

मालकाचं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. त्या गावात असा स्वयंपाकी कोणाला हवा असणार? पगारही छापला होता. सुधीरला तोंडी सांगितलेल्यापेक्षा तो जास्त होता.

मी जाहिरात फाडून घेतली आणि नऊ नंबरमध्ये गेले.

"तुझी जागा," मी म्हणाले. "जगाला देऊ करतायत. आपल्याला इथे बसवून."

सुधीरने दोनदा वाचलं. "विचारू या तरी."

"विचारलं तर म्हणतील वकिलाला विचारा. त्या बडोद्याच्या लोकांनीही विचारलं असेल."

"असेल किंवा नसेल."

"पासपोर्ट आज आपल्या हातात आहेत, सुधीर."

तो पलंगावर बसला. रमणभाई आणि कोकिळाबेन भाजी आणायला शेजारच्या मोठ्या गावी गेले होते. तासभर तरी येणार नव्हते. सुधीरने चपला शोधल्या. किल्ली काउंटरवर ठेवली. निघताना तो स्वयंपाकघराकडे वळला होता, मी गाडीतून हॉर्न दिला. मटकी नळालाच राहिली.

परतीला पुन्हा दहा तास. पेनसिल्व्हेनिया सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, "तवा चांगला होता." एवढंच.

पिस्कॅटवेला आम्ही बापटकाकांच्या तळघरात राहत होतो. काका इंजिनियर, पंधरा वर्षं अमेरिकेत. संध्याकाळी आठच्या सुमारास पोचलो तर काका-काकू जेवायलाच बसत होते. काकूंनी दोन पानं वाढली. मी सगळं सांगितलं, पासपोर्ट, वकील, पळालेलं जोडपं, आणि शेवटी पुरावा म्हणून जाहिरात काकांपुढे ठेवली.

काकांनी चष्मा लावला, वाचली, आणि मोठ्याने हसले.

"अगं, सुरू केलंय की त्याने!"

"काय?"

ते जेवण टाकून उठले आणि कपाटातून फाइल घेऊन आले. आत एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. पंपांचा इंजिनियर पाहिजे, अमुक अनुभव, तमुक पदवी.

"ही माझी जागा. छापली तेव्हा दीड वर्ष मी त्याच खुर्चीवर बसत होतो. खुर्चीत मी, आणि पेपरात जागा रिकामी. आधी जाहिरात द्यावीच लागते. कोणी अमेरिकन त्या कामाला येतो का, हे सरकारला दाखवायचं. नाही आला, तरच तुझा अर्ज; पासपोर्टची झेरॉक्स त्यालाच लागते. पगारही त्या भागात चालतो तेवढा छापावा लागतो, मालकाच्या मनाचा नाही. आणि वकील म्हणाला असेल, ज्याच्यासाठी चाललंय त्याच्याशी यातलं बोलू नका."

"पण त्यांनी निदान..."

"नीला, पुन्हा वाच. हॉटेलचं शिक्षण. दोन वर्षं. महाराष्ट्रीय शाकाहारी. व्हर्जिनियाच्या डोंगरात असा दुसरा कोण सापडणार आहे? नवऱ्याचं वर्णन ओळखलं नाहीस? आणि म्हणे मराठीत एम.ए."

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. सुधीर पानाकडे पाहत होता.

मला बडोद्याचं जोडपं आठवलं. त्यांनीही एखाद्या सकाळी काउंटरवरचा पेपर वाचला असेल.

मला पत्र लिहिणाऱ्यांना मी आजही सांगते: संशय घ्या. पासपोर्ट रात्रभर कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स स्वतः काढून न्या. वकिलाचं नाव आणि फोन पहिल्या दिवशी मागा. बोलायला मनाई आहे असं मालक म्हणाला, तर वकिलाला तुम्ही फोन करा. कागद कोणत्या पायऱ्यांनी जातो ते जायच्या आधी अशा माणसाला विचारा, जो त्यातून गेला आहे. माझ्या बाबतीत तो माणूस डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता. मी त्याला भाड्याखेरीज कधी काही विचारलं नव्हतं. जर्सी सिटीची गोष्ट खरी होती, पण ती रमणभाईंची नव्हती. ते कात्रण माझ्याकडे अजून आहे. एका कडेला फाडताना शेवटची ओळ अर्धी गेली आहे.

त्या संध्याकाळी सुधीर माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याने काकांच्या फोनवरून मोटेलला फोन लावला. कोकिळाबेननी उचलला. का गेलात, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मटकीला मोड आले. मी करू, की तुम्ही येताय?" आठ वाजता आम्ही निघालो.