चकाचक काकांची फरशी

उभी हयात लोकांच्या फरश्या घासून चमकवणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली चकाचक काका म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. लोकांच्या घरी हात आखडता घ्यावा लागे, पण स्वतःच्या घरी कोण अडवणार? काम सोडल्यावर त्यांनी आपल्या खोल्या अशा घोटल्या, की पाहुणे दारात वाकून चपला काढता काढता केसही नीट करून घेत.

त्याच फरशीवर, न्हाणीघरातून बाहेर येताना, काकू आपटल्या. मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, पण काकू काही पलंग सोडायचं नाव घेईनात. डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हाड जुळलंय. पण अशा बसून राहिल्या, तर पायातलं बळ जाईल. मग उठवूनही उठायच्या नाहीत. त्यांची भीती घालवा."

हातपाय गाळणाऱ्यांतले काका नव्हते. त्यांनी न्हाणीघरात भिंतीला दांडी ठोकली, मोठा दिवा लावला, वाटेतलं स्टूल हलवलं, काकूंच्या झिजलेल्या सपाता फेकून मागे पट्टा असलेल्या आणल्या. पलंगापासून पायपुसणी अंथरली. ती पॉलिशवरून सुळकन पळाली आणि काकांनाही सोबत घेऊन गेली. नशीब, पलंग हाताला लागला. काकू पाय खाली सोडत, फरशीकडे बघत आणि पाय पुन्हा वर घेत.

शेवटी लेक आली. "बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. ही फरशी आहे की घसरगुंडी?"

"फरशीला नावं ठेवू नकोस. तिचे पाय ओले होते."

"न्हाणीघरातून येणाऱ्याचे पाय ओलेच असणार ना!"

काका चिडून काकूंकडे वळले. "तूच सांग, इतक्या वर्षांत कधी घसरलीस?"

काकू म्हणाल्या, "घसरले नाही, कारण मोकळी कधी चाललेच नाही. कपाट धरायचं, मग दार, मग भिंत. त्या दिवशी हातात बादली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून फरशी दाखवायचात. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

काकांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कपाटाच्या कडेचा आणि दाराच्या चौकटीचा रंग एकाच उंचीवर उडाला होता. काकूंच्या हाताच्या उंचीवर. इतकी वर्षं ते घरात खालीच बघत वावरले होते. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या सोबत्याकडून काका फरशी घासायचं मशीन घेऊन आले. लेक म्हणाली, "खडबडीत पट्ट्या चिकटवू की!" काका म्हणाले, "त्यांच्या कडा सुटतात. त्यात पाय अडकायचा." त्यांनी मशीनला सगळ्यांत खरखरीत दगड लावला. चमकलेल्या फरशीवर हा दगड फिरवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. पहिल्याच फेऱ्यात चमक गेली आणि पांढरा चिखल पायांवर उडाला. काकांचे डोळे भरून आले. पण मशीन थांबलं नाही.

दुपारपर्यंत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एक मळकट वाट तयार झाली. काकांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि ओल्या पायांनी जोर लावून बघितला. पाय तसूभर सरकला नाही. मग त्यांनी फरशी कोरडी पुसली आणि काकूंपुढे हात केला.

काकूंनी तो धरला नाही. उठल्या. पहिलं पाऊल फार वेळाने पडलं, दुसरं जरा लवकर. काका दोन्ही हात पसरून मागे मागे, आणि काकू खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता. न्हाणीघरापर्यंत गेल्या, वळल्या आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. आतली फरशी लखलखत होती. तेवढी तरी वाचली, असं काका मनातल्या मनात म्हणत होते. काकूंनी अंगठा टेकवून बघितला आणि पाय मागे घेतला.

"अहो, इथलं कधी करताय?"

काकांनी त्या उरलेल्या चमकेकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं.

"आत्ता," ते म्हणाले. "पण तू आधी तिकडे खुर्चीत जाऊन बस. इथे पाणी सांडणार आहे."