गाडीच्या खालून आलेला आवाज

आवडती गाडी बंद होणार म्हणून हळहळता, पण ती घडवली कोणी, हे कधी विचारलंत का?

आज आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात, पार्किंगमध्ये ओल्या डांबरावर सांडलेल्या ऑइलचा वास आला आणि इथल्याच ट्रली गावातलं गाड्यांचं प्रदर्शन आठवलं. मी तेव्हा इथे शिकत होतो आणि बाबा भेटायला आले होते. ते भोसरीच्या कारखान्यात तापलेल्या लोखंडातून गाड्यांचे भाग घडवायचे. एका लाल अमेरिकन स्पोर्ट्स कारपाशी ते थबकले.

"अरे, हिच्या चाकामागचा आर्म, चाक धरून ठेवणारा दांडा, आमच्याकडे बनतो."

मी मालकाला ते सांगितलं. त्याने हसत दार उघडलं. "मग बसा की, एक चक्कर मारू."

"बसायचं नंतर," बाबा मला म्हणाले. "त्याला विचार, खाली बघू का?" आणि नव्या स्वेटरसकट ते ओल्या जमिनीवर आडवे झाले. खालून आवाज आला, "आहे रे. आपलाच आहे."

तेव्हा आम्ही हसलो होतो. आज तो आवाज आठवला की मी बाबांना फोन लावतो. त्या गाडीचं उत्पादन घटत चाललंय आणि पुढचं मॉडेल येईल की नाही, कोणी सांगत नाही. बातम्यांत चाहत्यांचं दुःख पानभर आहे, त्यामुळे भोसरीच्या कारखान्यात बंद पडलेल्या शिफ्टबद्दल एक ओळही नाही. बाबा फोनवर एवढंच म्हणतात, "बघू, बोलावलं तर जाईन."

ती गाडी कुठे दिसली, तर मालकाला विचारून एकदा खाली वाकून बघा. आणि तिच्याविषयी लिहाल, तेव्हा तिथून सुरुवात करा.