रशीदभाईंचे बारा संगणक

रशीदभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मेढ्याच्या एका शाळेत गोठलेल्या पडद्यासमोर बसले होते. ‘मॅडम, अब्बा सकाळी गेले,’ एवढेच त्यांची मुलगी शबाना म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. लिहिण्याचा मला सराव नाही, तरीही...

कराडला त्यांचे संगणकदुरुस्तीचे दुकान. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर मी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले आणि शंका विचारायला तिथे जाऊ लागले; म्हणजे बराच वेळ दाराशीच घुटमळत असे. एकदा त्यांनीच हाक मारली, ‘आवं मॅडम, आत या. संगणक चावत न्हाई, आन् मीबी न्हाई.’

मेढ्याच्या त्या शाळेतले बारा जुने संगणक इतके मंद झाले होते, की पुढच्या महिनाअखेरीस ते भंगारात जाणार होते. नवे मिळण्याची आशा नव्हती. मुख्याध्यापकांनी बोलावले, तेव्हा रशीदभाईंबरोबर मीही गेले. त्यांनी तपासायला घेतले, तर यंत्रे शाबूत होती. प्रोसेसरला मात्र क्षणाची उसंत नव्हती. दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या आज्ञावलीत होता. चित्रे काढणाऱ्या चिपला काम दिले, की ही आज्ञावली तिला अखंड विचारत राही, ‘झाले का?’ प्रोसेसरचा सारा वेळ त्या विचारण्यातच जाई.

‘गिऱ्हाइकं अशीच असत्यात,’ रशीदभाई म्हणाले. ‘पाच पाच मिनटाला फोन. उत्तर देऊ का काम करू?’ म्हणून काम झाले की मिस्ड कॉल देण्याचा त्यांनी शिरस्ता ठेवला होता. ‘चिपलाबी तसंच सांगा. तवर प्रोसेसर दुसरं काम करंल.’

‘मी सांगू?’

‘मग कोन? माझं इंग्रजी मदरबोर्डवरल्या अक्षरांपुरतं हाय.’

मला तीन आठवडे लागले. काम देऊन झोपी जाणारा आणि चिपच्या संकेताने जागा होणारा ड्रायव्हर तयार झाला. संगणक झरझर चालू लागले... पण थोडा वेळ कोणी वापरले नाहीत, की पडदा आपोआप मिटे. मिटल्यावर चिपचा संकेत येत नसे आणि ड्रायव्हर झोपलेलाच राही. ‘शुक्रवारी नमाज झाली की येतो,’ असे रशीदभाईंनी कळवले होते. त्या शुक्रवारच्या आदल्याच दिवशी शबानाचा फोन आला.

काही दिवसांनी मी तिला भेटायला दुकानात गेले. तेवढ्यात एक गृहस्थ लॅपटॉप ठेवून निघाले. शबाना त्यांना म्हणाली, ‘झाला की मिस्ड कॉल देते. सांजच्यापर्यंत न्हाई आला, तर सरळ निघून या. कवा कवा नेटवर्क नसतं.’

शिरस्त्याचा हा उत्तरार्ध मी कधी ऐकलाच नव्हता. रशीदभाईंनी मला त्यांच्या गिऱ्हाइकांसारखे ‘मिस्ड कॉल देतो’ म्हणून कधी परत पाठवलेच नव्हते! मी तिथेच, त्यांच्या स्टुलावर बसून, ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या : ठरावीक वेळ वाट पाहावी, संकेत आला नाही तर स्वतः उठून पाहावे आणि पुढे चालावे.

भंगारवाल्याला मुख्याध्यापकांनी माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितले. आता शाळेच्या संगणकखोलीत बाराही संगणक चालतात. तपासून झालेल्या यंत्रावर पेनाने ‘बरा हाय’ असे लिहून ठेवण्याची रशीदभाईंची सवय होती. अकरा यंत्रांवर त्यांचे अक्षर आहे. बारावे त्या शुक्रवारी तपासायचे राहिले होते; ते कोरे होते. मुख्याध्यापकांनी पेन पुढे केले, ‘मॅडम, तुम्हीच लिहा.’ मी पेन घेतले आणि लिहिले, ‘बरा हाय.’