दिगूकाकांची तोक्कुरी

दिगूकाकांच्या घरी स्वतःचा पेला स्वतः भरणं हा गुन्हा होता. मी पहिल्याच भेटीत तो केला, तेव्हा ते असे गरजले की खालच्या मजल्यावरच्या स्कॉटिश आजीबाईंची कवळी निखळली.

"अरे, अनाथ आहेस का? शेजारी माणूस बसलाय ना! तू त्याचा भर, तो तुझा भरेल. जपानात हाच रिवाज, आणि ग्लासगोतल्या या फ्लॅटमध्येही!"

भूलतज्ज्ञ म्हणून काकांनी निम्मं ग्लासगो झोपवलं होतं. निवृत्तीनंतर उरलेल्या निम्म्याला गप्पांनी जागं ठेवत. तरुणपणी ते वर्षभर जपानात शिकायला होते. निघताना घरमालकाने तोक्कुरी दिली, म्हणजे साके ही तांदळाची दारू कोमट करून ओतायची बारक्या मानेची मातीची सुरई, आणि पाच चिमुकले पेले. सुरई शंभरेक वर्षांची. काकांच्या तोंडी ती दर दिवाळीला पन्नास वर्षांनी म्हातारी व्हायची. झिलई न दिलेली ती माती रोज हात लागून लागून तुळतुळीत झाली होती.

एकदा त्यांचा मुलगा अमोघ लंडनजवळच्या पिनरहून आला तो ठरवूनच. "बाबा, it's an antique! फुटली म्हणजे? मी म्युझियमशी बोललोय. काचेत सेफ राहील."

"काचेत प्रेतं ठेवतात. जन्मभर भूल दिली मी. झोपलेला कोण आणि मेलेला कोण, हे मला शिकवू नकोस."

म्युझियमच्या बाई पांढरे हातमोजे घालून आल्या. "आधी ते काढा," काका म्हणाले, "तिचं ऑपरेशन नाहीये." त्यांनी बाईंना साके ओतली. बाई बिचकत प्यायल्या. काकांचा पेला मात्र रिकामा, आणि काका छताकडे बघत ढिम्म! शेवटी बाईंनीच उघड्या हातांनी सुरई उचलून ओतलं. मग त्यांचा अंगठा मातीवरून हलेचना. चौथ्या पेल्यानंतर त्यांनी फॉर्मवर लिहिलं: 'स्वीकारता येत नाही. वस्तू अजून कामावर आहे.'

"वाचलंस, अमोघ? रिटायर मी झालोय, ती नाही!"

अमोघ महिनाभर बापाशी बोलला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. अमोघने सुरई पिनरला नेली आणि हट्टाने काचेचं कपाट आणलंच. परवा मी ते पाहिलं. आत त्याच्या क्रिकेटच्या ट्रॉफ्या आहेत. सुरई सिंकशेजारी उपडी घातलेली होती, निथळत.