हलक्या पायाचा ब्रेक

आमच्या गाडीचे ब्रेक फक्त बायकोच्या पायाखाली वाजायचे. मी चालवायला बसलो की गाडी मुकाट्यानं थांबायची. ती बसली की प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकाआधी पुढच्या चाकातून बारीक, कानात घुसणारी किंचाळी यायची. महिनाभर मी हे पारखून पाहिलं आणि निष्कर्ष काढला. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं फायलींवर शेरे मारण्यात गेल्यामुळे निष्कर्ष काढायला मला फार वेळ लागत नाही. शेरा असा, की दोष चालवणाऱ्याचा आहे.

बायको गाडी शिकली ती त्रेपन्नाव्या वर्षी. मी शिकवलं नाही. मी शिकवायला बसलो असतो तर आमचा संसार तिथंच रस्त्यात संपला असता. ती ड्रायव्हिंग क्लासला गेली, पहिल्या झटक्यात परवाना घेऊन आली आणि वर्षभरात दिंडोरीमार्गे वणीपर्यंत एकटी जायला लागली. वणीला तिची थोरली बहीण राहते. आक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. मुलगा परगावी. दर बुधवारी ही सकाळी डबे भरून निघायची, आक्काला अंघोळ घालायची, केस विंचरून वेणी घालायची, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून ठेवायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. त्या बुधवारासाठीच ती गाडी शिकली होती. हे मला माहीत होतं, आणि तरी मी जे बोललो ते बोललो.

रविवारी सकाळी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत पुरुषमंडळी खाली गाड्या पुसतात. पुसणं कमी, गप्पा जास्त. कोणीतरी म्हणालं, तुमच्या गाडीचा आवाज हल्ली तिसऱ्या मजल्यावर येतो. मी म्हणालो, “आमच्या गाडीला हॉर्न लागतच नाही. हिनं ब्रेक मारला की अख्खा गंगापूर रोड बाजूला होतो.” सगळे हसले. मला विनोद साधला की मी थांबत नाही, म्हणून आणखी दोन वाक्यं जोडली. बायको भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी होती. तीही थोडंसं हसली आणि जिना चढून वर गेली.

पुढच्या बुधवारी ती एसटीनं वणीला गेली.

मी म्हणालो, “गाडी आहे की दारात.” ती म्हणाली, “नको. लोकांना त्रास होतो.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तोंड देता आलं असतं, रागाची मला सवय आहे. मी सोडायला येतो म्हणालो, तर म्हणाली, “तुम्ही तिथं पोचल्यापासून घड्याळ बघत बसता.” हेही खरं होतं. एक बुधवार गेला, दोन गेले, पाच गेले. संध्याकाळी ती यायची, दोन्ही पिशव्या दाराशी ठेवायची आणि चपला न काढता खुर्चीत बसून गुडघे चोळायची. बोलायची काही नाही. मी पेपर वाचतोय असं दाखवायचो.

ब्रेक दुरुस्त करायचं मी मनावर घेतलं ते अपराधी वाटलं म्हणून, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर दोष तिचाच आहे हे कोणाकडून तरी लेखी मिळावं, अशीही इच्छा होती. दोन्ही होतं.

आधी मी स्वतःच प्रयत्न केला. दाराची बिजागरी वाजली की तेल घालायचं, एवढं यंत्रशास्त्र मला येतं. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन मी निघालो तर बायकोनं विचारलं, “कुठं?” मी सांगितलं. ती म्हणाली, “ब्रेकला तेल? मग गाडी थांबणार कशानं?” पाच आठवड्यांतलं तिचं ते सर्वांत मोठं बोलणं होतं. कुपी मी परत खणात ठेवली. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्यानं चाकावर हवेचा फवारा मारला, धूळ आहे म्हणाला, आणि गाडी मी चालवत आणल्यामुळे वाजली नाही. तो खूश, मी खूश. सोसायटीच्या फाटकापासून बायकोला नुसती पार्किंगपर्यंत आण म्हटलं, तर गाडी पुन्हा किंचाळली.

शेवटी एका टेम्पोवाल्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या द्वारका चौकातला पत्ता दिला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड, पाटीवर फक्त ‘ब्रेक’. तो माणूस दुसरं काहीच करत नव्हता. इंजिनाचं काम नाही, पंक्चर नाही, रंग नाही. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मला वाटलं लगेच जॅक लावेल, तर त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागला. सकाळी पहिल्या पन्नास पावलांत वाजतं का गाडी तापल्यावर? पुढं जाताना का रिव्हर्सला पण? वळताना वाजतं? पावसात वाजतं? पाय ठेवल्या ठेवल्या वाजतं का थांबता थांबता? माझ्या डॉक्टरनं मला कधी इतकं विचारलेलं नाही. निम्म्या प्रश्नांना मला उत्तर नव्हतं. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. “आवाज फक्त बायको चालवते तेव्हाच येतो,” म्हणालो, आणि हसण्याची वाट पाहिली.

तो हसला नाही. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाला, “मग ताईंना आणा. ज्यांच्या पायाखाली वाजतं ते माणूसच नाय, तर मी चाक खोलून काय बघू?”

“तुम्ही बघा तर.”

“नाय साहेब. आधी ऐकतो, मग खोलतो. उद्या सात वाजता या. ट्रॅफिक नसती.”

घरी येऊन हे बायकोला सांगणं मला जड गेलं. ती म्हणाली, “आता मेकॅनिकपुढेही माझं हसं करायचंय का?” मी म्हणालो, त्यानंच बोलावलंय, तुझ्याशिवाय तो हात लावत नाही. तिनं मळलेल्या कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग म्हणाली, “येते. पण गाडीत तुम्ही मागे बसायचं आणि बोलायचं नाही.”

सकाळी टाकळीकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडी घेतली. ती चालवायला, तो तिच्या शेजारी, मी मागे तोंड मिटून. त्यानं खिडकी उघडली, डोळे मिटले आणि म्हणाला, “ताई, रोज चालवता तशीच चालवा.” समोर गतिरोधक आला. तिनं बऱ्याच आधीपासून पाय ठेवला, आणि किंचाळी आली. “डाव्या पुढच्या चाकात हाय,” तो डोळे न उघडता म्हणाला. “आता जरा दाबून मारा.” तिनं दाबला. गाडी गचकन थांबली, मी पुढच्या सीटवर आपटलो, आणि आवाज आला नाही. “परत हळू.” आवाज. “परत दाबून.” शांत. मागे बसून आपटायची मला सवय होईपर्यंत त्यानं हे करून घेतलं.

मग मला पुढे बसवलं. मी माझ्या पद्धतीनं गतिरोधकापर्यंत आलो, ब्रेक मारला, गाडी मुकाट्यानं थांबली. मी वळून बायकोकडे पाहिलं. विजयानं पाहिलं, हे कबूल करतो.

“आता ताईंसारखा मारा,” तो म्हणाला.

मला जमेना. पाय ठेवला की गाडी दचकायची. उशिरा ठेवला तर गतिरोधकावरून उडायची. आधी ठेवला तर भलतीकडेच थांबायची. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस मी, घामाघूम झालो. मागून बायको म्हणाली, “दाबू नका. नुसता पाय टेकवा आणि वाट बघा.” बोलायचं नाही ही अट माझ्यासाठी होती, तिच्यासाठी नव्हती. आठव्या की नवव्या वेळी मी नुसता पाय टेकवला, वाट पाहिली, आणि गाडी माझ्या पायाखाली तशीच किंचाळली.

 तो डोळे उघडून म्हणाला, “ताईंचा पाय हलका हाय, म्हणून ऐकू आलं. तुम्ही दाबून मारता, पॅड घट्ट धरला जातो, आवाज गप बसतो. बिघाड तर तोच. एकटे तुम्हीच चालवत असता, तर लय उशिरा कळलं असतं.”

शेडमध्ये येऊन त्यानं चाक उतरवलं. निघालेली प्रत्येक वस्तू निघाल्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडली. ब्रेकचे दोन पॅड चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्यांतला बाहेरचा जाड होता आणि आतला जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलेला. ज्या पिनेवर ती चिमटी मागेपुढे सरकते ती पीन जाम होती. पॅडच्या पाठीला एक पातळ पत्री असते, ती गेल्या वेळच्या मेकॅनिकनं परत लावलीच नव्हती. पॅड थरथरायचा आणि वाजायचा तो त्यामुळे. झिजलेला पॅड त्यानं माझ्या हातात दिला. नखाएवढाही थर उरलेला नव्हता. दिंडोरीच्या रस्त्यावर टोमॅटोचे ट्रॅक्टर कसे अचानक आडवे येतात ते मला आठवलं. मी ज्या आवाजावर विनोद केला होता, तो आवाज तिच्या पायानं महिनाभर आम्हाला ऐकवला होता.

त्या माणसाचं काम मी दोन तास उभा राहून पाहिलं. पीन पॉलिश पेपरनं घासून तिच्यावर करंगळीच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. मग नवे पॅड न उघडता नळाकडे गेला, कपड्याच्या पावडरीनं कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेल्या फडक्यानं पुसले आणि मगच पॅडचं पाकीट फोडलं. मी विचारलं तर म्हणाला, “ग्रीसचं एक बोट पॅडला लागलं तर तो पॅड गेला.” उजव्या चाकात बिघाड नव्हता, तरी तेही उघडून दोन्हीकडे सारखे पॅड बसवले, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते म्हणाला. आयुष्यभर मी माणसं खुर्चीवरून जोखली. एवढ्या निगुतीनं केलेलं काम मी आमच्या खात्यात फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

चाकाचा शेवटचा नट आवळून त्यानं किल्ली घेतली आणि मी हात पुढे केलेला असताना ती बायकोच्या हातात दिली.

“नवीन पॅड बसायला वेळ लागतो,” तो मला म्हणाला. “दोनशे किलोमीटर कुणी दाबून ब्रेक मारायचा नाय, नाहीतर परत वाजंल. ताईंनाच चालवू द्या.”

नव्या पॅडचं ते खरंच तसं असतं. पण त्यानं बायकोचा चेहरा पाहिला होता आणि माझाही, त्यामुळे किल्ली कोणाकडे जायला हवी हे त्याला पॅडशिवायही कळलं असावं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला, आणि अजून वाटतो.

बुधवारी ती गाडी काढून निघाली. “यायचं तर या,” म्हणाली. मी गेलो. दिंडोरीच्या गतिरोधकांवर, द्राक्षबागांमधल्या वळणांवर, वणीच्या बाजारात तिनं जिथं जिथं पाय ठेवला तिथं गाडी आवाज न करता, पुढे न कलता थांबली. मांडीवरच्या डब्यातली आमटी हिंदकळली नाही. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसत होतो आणि ती किती चांगली चालवते हे मला त्या दिवशी दिसलं. इतकी वर्षं मी फक्त चुका मोजायला बसलो होतो.

आक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. बायको तिच्या मागे बसून केसांतला गुंता सोडवायला लागली. आक्कानं विचारलं, “आज गाडी? इतके बुधवार एसटीनं का धक्के खात होतीस गं?”

“गाडी बिघडली होती, आक्का,” बायको म्हणाली. “ह्यांनी द्वारकेपर्यंत हिंडून चांगला माणूस शोधला. आता छान झालीय.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कंगवा चालू होता. पाच बुधवार तिनं बहिणीला माझ्याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. मी मात्र तिच्याबद्दल बोलायला भर पार्किंग निवडलं होतं.

मला राहवलं नाही. “आक्का, ती खोटं बोलतेय. मी हिला चारचौघांत बोललो, म्हणून ही एसटीनं येत होती.”

कंगवा थांबला.  बायको म्हणाली, “हे इथं कशाला सांगताय? जिथं बोललात, तिथं बोला.” आणि तिनं वेणीचे तीन पेड हातात घेतले.

रविवारी मी खाली गेलो. त्या दिवशी हसलेले सगळे हजर होते. मी त्यांना हलका पाय सांगितला, झिजलेला पॅड सांगितला, माझे नऊ प्रयत्न सांगितले, आणि ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते हेही सांगितलं. विनोदाला एक वाक्य पुरलं होतं; याला दहा मिनिटं लागली आणि कोणीही हसलं नाही. एकानं विषय बदलला. दुसरा बराच वेळ एकच काच पुसत राहिला. त्याची बायकोही त्या वर्षी ड्रायव्हिंग क्लासला जात होती.