चेअरमनच्या गाडीची किंकाळी

"ऐका," असं म्हणून चीफ सुर्वे माझ्या गॅरेजच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि तोंडाने आवाज काढला. "कीऽऽऽऽ!" शेवटी तो थोडा वर चढवला आणि एकदम तोडला. कुवारबावच्या रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला थांबून बघायला लागला.

"किती वेळ येतो?" मी विचारलं.

"दोन मिनिटं. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की. मग दिवसभर नाही."

"आता करून दाखवा."

इंजिन अगदी सभ्यपणे चालू झालं. गाडी भाट्याच्या किनाऱ्यावरून आलेली, इंजिन तापलेलं. घरी फणफणलेला पेशंट डॉक्टरसमोर हसतखेळत बसतो, तसलाच प्रकार.

सुर्वे मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. हाताशी जहाज उरलं नाही, म्हणून ते आपल्या सोसायटीचे चेअरमन झाले आणि चौदा फ्लॅटची ती इमारत बंदरातून हलवायच्या तयारीने चालवू लागले. लिफ्टशेजारी त्यांनी 'स्टँडिंग ऑर्डर्स' लावल्या. त्यातली चौथी अशी: रात्री दहा ते सकाळी सात आवारात कोणताही आवाज करू नये. खाली सही, सहीवर शिक्का.

आणि चीफ रोज पहाटे पावणेसहाला भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जातात. गाडीने.

सोसायटीचे सेक्रेटरी पाध्ये सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी त्याच ऑर्डरच्या शेजारी लाल शाईत एक तक्ता लावला होता: तारीख, वेळ, किंकाळीचा कालावधी. रविवारी वार्षिक सभा होती. विषय क्रमांक तीन, चेअरमनवर अविश्वास.

"मेस्त्री, जहाज गेलं," चीफ म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "आता ही खुर्ची गेली, तर मी सकाळी उठून करू काय?"

मी बॉनेट उघडलं. इंजिनच्या पुढच्या बाजूला एक रबरी पट्टा असतो, बेल्ट. तो अल्टरनेटर फिरवतो. अल्टरनेटर म्हणजे गाडीचा छोटा जनरेटर. बॅटरी भरण्याचं काम त्याचं. बेल्ट पुलीवर घसरला की किंचाळतो. पहाटे रबर थंड, कडक, आणि आपल्याकडची हवा दमट. घसरायला एवढं पुरतं.

"बेल्ट," मी म्हणालो.

"बेअरिंग," चीफ म्हणाले. "हा कान इंजिनरूममध्ये तयार झालाय."

"माझा ह्याच शेडमध्ये. बेल्टच."

बेल्ट बदलला. जुना तसा बरा दिसत होता. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण एकदा ठासून बोलल्यावर माणसाला फार बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला. चीफनी फोन सरळ इंजिनापुढे धरला होता. "कीऽऽऽऽ!" मागून पाध्ये सरांचा वर्गातला आवाज आला, "एक मिनिट चाळीस सेकंद!"

"नवीन बेल्ट जास्त सुरात आहे," चीफ म्हणाले आणि फोन ठेवला.

थंड गाडीचा रोग थंड गाडीतच बघावा लागतो. मी म्हटलं, गाडी रात्रभर गॅरेजला ठेवा.

"मग सकाळी मी किनाऱ्यावर कसा जाऊ?"

"चालत."

"चालायला चालत जाऊ?" चीफ खरंच दुखावले.

म्हणून शनिवारी पहाटे साडेपाचला मीच त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. सगळीकडे काळोख. चीफच्या गाडीवर कापडी कव्हर, आणि ते कव्हर आतून पिवळं उजळलेलं. एखादा मोठा आकाशकंदील जमिनीवर ठेवावा तसं. आधी वाटलं, आत चोर आहे. कव्हर उचललं तर डॅशबोर्डवर गणपती होता आणि त्याच्यापुढे जाड काचेचा पितळी दिवा. आत बल्ब जळत होता.

हा दिवा मी गॅरेजमध्ये पाहिला होता. देवाला नमस्कारही केला होता. तेव्हा वाटलं, किल्ली फिरवली की लागत असेल.

तेवढ्यात टोपी-बूट घालून चीफ खाली आले. त्यांच्याकडून बॉनेट उघडून घेतलं आणि मी बॅटरीला मीटर लावला. चांगल्या बॅटरीने सकाळी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवायला हवं. ही बाराच्याही खाली होती. गाडी कशीबशी स्टार्ट झाली आणि कीऽऽऽऽ! मी बेल्टवर थोडं पाणी मारलं. ही जुनी परीक्षा आहे. पाण्याने आवाज तात्पुरता गेला तर बहुधा पुली तिरकी असते. वाढला तर बेल्ट ओझ्याखाली घसरतोय. तो असा वाढला की वरच्या गॅलरीतला दिवा लागला. पाध्ये सर वही घेऊन हजर.

मी इंजिन बंद करायला लावलं. "चीफ, हा दिवा?"

"माझ्या शेवटच्या जहाजावरचा. इंजिनरूममधल्या गणपतीपुढे असायचा. माझ्या कारकिर्दीत एकदाही विझला नाही. महिन्यापूर्वी गाडीत बसवून घेतला, थेट बॅटरीवरून. किल्लीबिल्लीची भानगडच नको."

"जहाजावर जनरेटर कधी बंद व्हायचा?"

"बंद? अहो, ब्लॅकआउट म्हणतात त्याला! एका मिनिटात कॅप्टन खाली..."

ते थांबले. गाडीकडे बघितलं, मग दिव्याकडे.

"ही रोज बंद होते," ते हळूच म्हणाले.

"रोज."

जहाजाचा जनरेटर झोपत नाही. गाडी बंद झाली की तिचा झोपतो, आणि दिवा रात्रभर बॅटरी पीत बसतो. सकाळी स्टार्ट झाल्या झाल्या उपाशी बॅटरी अल्टरनेटरकडे सगळं जेवण एकदम मागते. अल्टरनेटर जड होतो, थंड बेल्टला ओढवत नाही, तो घसरतो. दोन मिनिटांत बॅटरीची पहिली भूक भागते, बेल्ट गरम होतो आणि सगळं शांत. बेल्ट निर्दोष होता. बेअरिंगही.

"दिव्याची वायर किल्लीवर घेतो. दहा मिनिटांचं काम," मी म्हटलं.

"नाही. देवाला काळोखात ठेवायचं? खुर्ची गेली तरी चालेल."

सुर्वेवहिनी चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्या कपबशी बॉनेटच्या कडेला ठेवत म्हणाल्या, "अहो, देवळात शेजारती करून देवाला झोपवतात ना? तुमचाच तेवढा वॉचमन काय ओ?"

चीफनी चहा संपेपर्यंत विचार केला. "वेगळा स्विच द्या," ते म्हणाले. "माझ्या हाताने झोपवीन."

स्विच बसवला. बॅटरी दिवसभर चार्जरवर ठेवली. रविवारी पहाटे गाडी स्टार्ट झाली तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज आला. वर पाध्ये सर पेनाचं टोपण काढून उभे होते. त्यांनी टोपण परत लावलं.

सभेत चीफनी दीड पानी तांत्रिक अहवाल वाचला. त्यात माझा उल्लेख 'स्थानिक साहाय्य' असा होता. विषय क्रमांक तीन मागे घेतला गेला.

महिन्याभराने पाध्ये सर स्कूटर घेऊन गॅरेजला आले. ब्रेक तपासायचे होते म्हणे, पण ब्रेक चांगले होते.

"मेस्त्री, रोज रात्री नऊ पंचावन्नला पार्किंगमध्ये घंटा वाजते. गाडीची शेजारती! ह्यावर काही उपाय?"

"दहाच्या आत संपते ना?"

"पाच सेकंद आधी," सर म्हणाले. "मी मोजलंय."

हल्ली गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो: महिन्याभरात नवीन काय बसवलंत? देवसुद्धा सांगा. चीफचा जुना बेल्ट मी खिळ्याला टांगून ठेवलाय. अजून चांगला आहे. कुणी फार ठामपणे निदान सांगायला लागलं की मी एकदा तिकडे बघतो. बहुतेक वेळा सांगणारा मीच असतो.